आधी आरपीएम ठरवा, मग रॉड घ्या: ताकदवान इंजिनासाठी आतले टिकाऊ भाग निवडताना

इंजिन बांधायला घेणारा नवखा माणूस सहसा खरेदीपासून सुरुवात करतो. आधी चकचकीत घडीव पिस्टन येतात, पाठोपाठ पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणारे रॉड येतात. मग ब्लॉक मशीन शॉपमध्ये पोचतो आणि तिथला कारागीर विचारतो, "हे किती आरपीएमला फिरवायचं आहे?" तेव्हा उत्तर तयार नसतं. भागांची निवड मात्र त्याच उत्तरावर उभी असते.

पायरी १: इंजिन आधी कागदावर बांधा

चार गोष्टी लिहून काढा. जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाला फेरे) किती? हवा इंजिन स्वतः ओढणार, की टर्बो किंवा सुपरचार्जर ती आत ढकलणार? इंधन कोणतं? आणि गाडी रोज सकाळी थंड इंजिनावर निघणार, की फक्त ट्रॅकवर, पूर्ण गरम करून पळणार? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पिस्टनचा मिश्रधातू त्यावरच ठरतो.

आतल्या भागांवर दोन वेगवेगळे भार येतात. त्यांची गल्लत झाली की पैसा चुकीच्या भागावर जातो. पहिला भार जळणाऱ्या वायूच्या दाबाचा. ८६ मि.मी. बोअरच्या, म्हणजे आतल्या व्यासाच्या, सिलिंडरमध्ये दाब १०० बारपर्यंत चढला, तर पिस्टनच्या माथ्यावर सुमारे ६ टनांचा रेटा येतो. तो पिस्टनला, गजन पिनला (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) आणि रॉडला दाबतो, आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, वर उचलू पाहतो. बूस्ट, म्हणजे टर्बो किंवा सुपरचार्जरने हवेला दिलेला जादा दाब, वाढवला की हा भार वाढतो.

दुसरा भार जडत्वाचा. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो आणि उलट फिरतो. त्याला थांबवून खाली खेचण्याचं काम रॉडला करावं लागतं. ८६ मि.मी. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) आणि ७,००० आरपीएम धरले, तर त्या टोकाला पिस्टनचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३,००० पट भरतं. रिंगा आणि पिनसकट अर्धा किलोचा पिस्टन रॉडला दीड टनाने ओढतो. ही ओढ आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ७,००० चे ८,००० केले की ती जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते आणि दोन टनांच्या घरात जाते, मग बूस्ट असो वा नसो.

एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी ही ओढ सर्वांत घातक ठरते. तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर वायूचा दाब जवळपास नसतो, त्यामुळे ओढीला विरोध करणारं काही उरत नाही. सगळा भार रॉडच्या दोन बोल्टांवर येतो. ब्लॉक फोडून बाहेर आलेल्या रॉडचा पंचनामा केला, तर कितीदा तरी सुरुवात बोल्टापासून झालेली दिसते. ढोबळमानाने असं समजा: बूस्ट पिस्टनला, रिंगांना आणि हेड गॅस्केटला मारतो, आरपीएम रॉडच्या बोल्टांना, व्हॉल्व्ह स्प्रिंगांना आणि ऑइल पंपाला मारतं.

आता एक सोपं गणित. पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे स्ट्रोकची दुप्पट गुणिले आरपीएम, भागिले ६०. स्ट्रोक मीटरमध्ये घ्या. ८६ मि.मी. आणि ७,००० आरपीएमला उत्तर येतं सेकंदाला २० मीटर. इथपर्यंत चांगले कारखानी भाग सहसा साथ देतात. २५ च्या आसपास गेलात की प्रत्येक भाग विचारपूर्वकच निवडावा लागतो. होंडाच्या एस२००० मधलं एफ२०सी इंजिन ८४ मि.मी. स्ट्रोकवर ९,००० आरपीएम गाठायचं, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. पुढे होंडाने स्ट्रोक ९०.७ मि.मी. केला आणि रेडलाइन, म्हणजे आरपीएमची कमाल मर्यादा, ८,००० वर आणली. कारखाना स्वतः असा हिशोब करतो, तर स्ट्रोक वाढवणारं स्ट्रोकर किट लावून जुनीच रेडलाइन कायम ठेवण्याचा हट्ट आपण कशाच्या जोरावर करायचा?

पायरी २: कारखान्याने काय दिलंय ते पाहा

इंजिन उघडण्यापूर्वी त्या मॉडेलचा इतिहास वाचा. काही इंजिनांचे आतले भाग मुळातच दणकट असतात. टोयोटाच्या २जेझेड-जीटीई मध्ये लोखंडी ब्लॉक आणि घडीव क्रँक आहे. मूळ ताकदीच्या दुप्पट-अडीचपट केलेल्या इंजिनांतही तीच क्रँक चालवली जाते. अशा इंजिनासाठी बाजारातली महागडी क्रँक घेण्यापेक्षा मूळ क्रँक नीट तपासून, संतुलित करून वापरणं शहाणपणाचं.

उलट काही इंजिनांची एखादी दुखरी नस सगळ्यांना ठाऊक असते. निसानच्या सुरुवातीच्या आरबी२६ मध्ये क्रँकचा जो भाग ऑइल पंप फिरवतो, तो आखूड आहे. इंजिन वारंवार रेव्ह लिमिटरवर (आरपीएम रोखणाऱ्या मर्यादेवर) आपटलं की पंपाचे गिअर फुटतात. तिथे पहिला खर्च पंपाच्या दणकट गिअरवर आणि क्रँकच्या कॉलरवर करायचा, पिस्टनवर नव्हे. सुबारूच्या ईजे२५७ मध्ये पिस्टनच्या रिंगांमधला कडा तुटतो. प्रत्येक इंजिनाची अशी जागा शोधून काढा. ती सापडली की खरेदीची यादी बरीच छोटी होते.

जुने भाग ठेवणार असाल तर तडे तपासल्याशिवाय ठेवू नका. क्रँक आणि रॉडसाठी चुंबकीय कणांची चाचणी होते. ती साधी आणि खात्रीची आहे, पण अ‍ॅल्युमिनियमला चालत नाही. तिथे रंगद्रव्याची चाचणी करून घ्या.

पायरी ३: पिस्टन आणि रिंगा

ओतीव पिस्टन शांत चालतो, कमी फुगतो आणि साध्या इंजिनात फार वर्षं टिकतो. त्याचा दोष म्हणजे ठिसूळपणा. नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी स्फोट, झालं की तो वाकत नाही, तुटतो. जास्त सिलिकॉनचा हायपरयुटेक्टिक पिस्टन ओतीवच असतो. तो कठीण आणि झीज सोसणारा खरा, पण नॉकिंगपुढे त्याचाही टिकाव लागत नाही. म्हणून बूस्टच्या इंजिनात घडीव, म्हणजे फोर्ज्ड, पिस्टन घेतात.

घडीव पिस्टनांचे दोन मिश्रधातू सगळीकडे भेटतात, ४०३२ आणि २६१८, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं. त्यामुळे तो गरम झाल्यावर कमी फुगतो, भिंतीपासून कमी अंतर ठेवून बसवता येतो, थंडीत आवाज कमी करतो आणि त्याचे रिंगांचे खाचे उशिरा झिजतात. २६१८ मध्ये सिलिकॉन नावापुरतं असतं. तो जास्त चिवट आहे, नॉकिंगचा मार तडा न जाता बऱ्यापैकी सोसतो. पण फुगतो जास्त. म्हणून अंतर मोठं ठेवावं लागतं आणि थंड इंजिनात पिस्टन भिंतीवर खडखडतो. त्याचे खाचे आणि पिनचं भोक लवकर झिजतं.

तेव्हा "सर्वांत मजबूत कोणता?" असं विचारून भागत नाही. रोज वापरायच्या, मध्यम बूस्टच्या किंवा नैसर्गिक हवेच्या इंजिनासाठी माझं मत स्पष्टपणे ४०३२ कडे झुकतं. जबर बूस्ट आणि ट्रॅक असेल तर २६१८ घ्या आणि काही काळाने इंजिन पुन्हा उघडावं लागेल हे मान्य करा. रोज दहा मिनिटांच्या अंतरासाठी २६१८ भरलेलं इंजिन पळवणारे लोक पुढे तेल जळण्याची तक्रार करतात. तो पिस्टनचा दोष नाही.

भिंतीचं अंतर पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावरूनच घ्या. पिस्टन दिसतो गोल, पण असतो किंचित लंबगोल आणि पिंपासारखा फुगीर. म्हणून स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भिंतीवर, नेमकं कुठे मोजायचं तेही त्या कागदावर दिलेलं असतं. भलत्या उंचीवर मोजलेला आकडा अचूक असूनही चुकीचा ठरतो.

गजन पिनकडे कोणी बघत नाही. बूस्ट मोठा असेल तर जाड भिंतीची पिन घ्या. पातळ पिन वाकते आणि पिस्टनचं भोक फाडते. वजन थोडं वाढतं, चालेल.

रिंगांच्या तोंडांमधलं अंतर, म्हणजे रिंग गॅप, हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त इंजिनं वाचवणारा आकडा आहे. रिंग तापली की लांबते. गॅप कमी असेल तर तोंडं एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीत रुतते आणि पिस्टनचा कडा उपटून काढते. बाहेरून बघणारा म्हणतो, पिस्टन कमजोर होता. नैसर्गिक हवेच्या इंजिनात पहिल्या रिंगेसाठी बोअरच्या प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे ०.००४५ मि.मी. गॅप धरतात, बूस्ट असेल तर ०.००६ च्या आसपास. ८६ मि.मी. बोअरला ते अनुक्रमे ०.३९ आणि ०.५२ मि.मी. होतं. दुसऱ्या रिंगेचा गॅप पहिलीपेक्षा किंचित मोठा ठेवतात. नाहीतर दोघींच्या मध्ये दाब साठतो आणि वरची रिंग जागेवरून उचलली जाते. अंतिम आकडा रिंग बनवणाऱ्याचाच घ्यायचा. रिंग बोअरमध्ये पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून फीलर गेजने मोजा, थोडी घासा, पुन्हा मोजा. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये मोजायची आणि घासल्यावर धारेवरचा बारीक काटा काढून टाकायचा. थोडा मोठा गॅप चालतो. छोटा चालत नाही.

पायरी ४: रॉड, आणि त्याहून जास्त त्यांचे बोल्ट

बाजारातले बहुतेक चांगले रॉड ४३४० पोलादाचे घडीव असतात. एच-बीम की आय-बीम यावर तासन्‌तास वाद चालतात. दोन्ही आकारांत उत्तम रॉड बनतात आणि दोन्हींत भिकारही. आकारापेक्षा पोलाद, उष्णतेची प्रक्रिया, मोठ्या (क्रँकवर बसणाऱ्या) भोकाची गोलाई आणि बोल्ट यांना जास्त किंमत द्या. जड रॉड म्हणजे जास्त टिकाऊ, असंही नाही. आरपीएम वाढलं की त्याचं स्वतःचं वजनच बोल्टांवर येतं.

इथे मजबूत आणि टिकाऊ यांतला फरक लख्ख दिसतो. अ‍ॅल्युमिनियमचे रॉड ड्रॅग रेसिंगमध्ये धक्का छान पचवतात, पण लवकर थकतात आणि ठरावीक वापरानंतर बदलावेच लागतात. टायटॅनियमचे रॉड हलके असतात, पण त्यांच्या बाजू क्रँकला घासून चिकटू नयेत म्हणून लेपावर अवलंबून राहतात. रस्त्याच्या गाडीसाठी पोलादच बरं.

बोल्ट कसं काम करतो ते समजून घ्या. तो ताणलेल्या स्प्रिंगसारखा दोन तुकड्यांना आवळून धरतो. त्याचा ताण जडत्वाच्या ओढीपेक्षा जास्त असला तर रॉड आणि त्याच्या खालच्या कॅपची फट कधीच उघडत नाही आणि बोल्ट थकत नाही. ताण कमी पडला की प्रत्येक फेरीला तो थोडा ताणला जातो, सैल होतो, पुन्हा ताणला जातो आणि शेवटी तुटतो. म्हणजे कमी आवळलेला उत्तम बोल्ट नीट आवळलेल्या साध्या बोल्टाच्या आधी जातो.

टॉर्क रेंचचा आकडा घर्षणावर अवलंबून असतो. बोल्टाला इंजिन ऑइल लावलं की खास वंगण, यावर त्याच टॉर्कला ताण बराच बदलतो. म्हणून रॉडच्या बोल्टासाठी स्ट्रेच गेज वापरा: मोकळी लांबी मोजून ठेवा, आवळा, आणि बनवणाऱ्याने दिलेल्या मापाइतका बोल्ट लांबला की थांबा. ही मोकळी लांबी जपून ठेवा. पुढे कधी बोल्ट काढलात आणि तो मूळ लांबीपेक्षा ०.०२५ मि.मी. ने जरी कायमचा लांबलेला दिसला, तरी तो टाकून द्या.

बोल्टांमध्ये ८७४० पोलाद ही सुरुवातीची पातळी. एआरपी २००० त्याहून वरचा आणि बहुतेकांना पुरेसा. एल१९ आणखी ताकदवान असतो, पण ओलावा आणि गंज त्याला अजिबात सोसत नाही. उघड्या हाताचा घामही नको, सतत तेलात ठेवायचा. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. जुन्या रॉडमध्ये नवे बोल्ट घातले की मोठ्या भोकाचा आकार बदलतो. ते पुन्हा मापात करून घ्यावं लागतं. "नुसते बोल्ट बदलले" असं इंजिन बांधणीत नसतं.

पायरी ५: क्रँक, बेअरिंग आणि तेल

क्रँकवर थोडक्यात. ओतीव क्रँक मध्यम कामाला पुरते, घडीव पोलादी क्रँक बहुतेक सगळ्याला, आणि अखंड ठोकळ्यातून कापलेली क्रँक अगदी टोकाच्या बांधणीलाच लागते. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) जिथे क्रँकच्या गालाला मिळतो तिथली गोलाई मोठी आणि गुळगुळीत हवी, कारण तडे तिथूनच सुरू होतात. ती गोलाई वाढवलेली असेल तर कडेला उतार दिलेले बेअरिंग घ्या, नाहीतर बेअरिंगची कड तिच्यावर चढते. नायट्रायडिंग केलेला कठीण थर पातळ असतो. जर्नल घासून अंडरसाइज केला तर तो थर उरला आहे का ते विचारा.

पुढच्या पुलीमधला रबरी डॅम्पर काढून हलकी, रबर नसलेली पुली बसवण्याचा मोह अनेकांना होतो. क्रँक फिरताना पिळवटते आणि सुटते. ती थरथर गिळायला डॅम्पर असतो. तो काढला की अनेक इंजिनांत क्रँकच्या नाकावर बसलेला ऑइल पंप मार खातो. वजन वाचवायला दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत.

भारी कामासाठी सहसा तीन थरांचे बेअरिंग घेतात: पोलादी पाठ, मध्ये तांबेयुक्त मिश्रधातू, वर मऊ पातळ थर. जर्नलच्या व्यासाच्या एक हजारांश अंतर हा जुना आणि अजूनही कामाचा अंदाज आहे, म्हणजे ४८ मि.मी. जर्नलला ०.०४८ मि.मी. अंतर. ताकद वाढवलेल्या इंजिनात त्याहून किंचित जास्त ठेवतात. पण अंतर आणि तेल एकत्र ठरवायचे असतात: अंतर वाढवून तेल पातळच ठेवलं तर दाब पडतो. प्लास्टिगेज (चिरडून अंतर दाखवणारा मऊ धागा) ही फक्त खातरजमा. खरं माप मायक्रोमीटर आणि बोअर गेजने, कॅप पूर्ण टॉर्कला आवळून घ्यायचं. ऑइलचा दाब दर १,००० आरपीएममागे १० पीएसआय हा जुना अंदाज बहुतेक इंजिनांना चालतो.

ट्रॅकवर लांब वळण घेताना तेल संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. असे दोन-तीन क्षण उत्तम बेअरिंगलाही पुरतात. म्हणून आडभिंती घातलेला संप आधी, महाग बेअरिंग नंतर.

पायरी ६: हेडमधलं

रेडलाइन वाढवणार असाल तर व्हॉल्व्ह स्प्रिंगा बदलाव्याच लागतात. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमच्या मागे वेळेवर येत नाही, तरंगतो आणि पिस्टनला भेटतो. जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम घातला असेल तर पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, ते मोजा. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर इनटेकला सुमारे २ मि.मी. आणि एक्झॉस्टला २.५ मि.मी. ठेवायची पद्धत आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागे पिस्टन पाठलाग करत येतो आणि तो व्हॉल्व्ह तापून लांबतोही, म्हणून त्याला जास्त जागा.

टर्बोच्या गरम इंजिनात एक्झॉस्टला इन्कोनेलचे व्हॉल्व्ह टिकतात. काही कारखानी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पोकळ असून आत सोडियम भरलेलं असतं. ते कधीही कापू नका किंवा भंगारात फोडू नका. सोडियम पाण्याला लागलं की पेट घेतं.

हेड बोल्टांऐवजी स्टड (ब्लॉकमध्ये रोवून वरून नट लावायचे) घेतले तर आवळ जास्त एकसारखी मिळते. अनेक पोलादी थरांचं गॅस्केट वापरणार असाल तर ब्लॉक आणि हेडचा पृष्ठभाग गॅस्केट बनवणाऱ्याने सांगितलेल्या गुळगुळीतपणाचा हवा. खरखरीत पृष्ठभागावर ते कितीही महाग असलं तरी गळतं.

पायरी ७: मशीन शॉपमध्ये जाताना

पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअर करायला देऊ नका. कारागिराला प्रत्यक्ष पिस्टन मोजून, त्यावर अंतर मिळवून बोअर करायचा असतो. खोक्यावरचा आकडा पुरत नाही. होनिंग, म्हणजे बोअरची शेवटची बारीक घासाई, टॉर्क प्लेट लावून करायला सांगा. हेड आवळल्यावर सिलिंडर किंचित वाकडा होतो, आणि जाड प्लेट तोच ताण आधीच देते. मेन बेअरिंगच्या कॅपना बोल्टांऐवजी स्टड लावले असतील तर क्रँकची पूर्ण रांग पुन्हा मोजून, गरज पडल्यास लाइन होन, म्हणजे ती रांग सरळ घासून, करून घ्या.

खरेदीआधी एक बेरीज करा: रॉडची लांबी, अर्धा स्ट्रोक आणि पिस्टनची कॉम्प्रेशन हाइट (पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतचं अंतर) मिळून ब्लॉकच्या डेकच्या, म्हणजे वरच्या सपाट पृष्ठभागाच्या, उंचीला जुळली पाहिजेत. वेगवेगळ्या ठिकाणांहून तुकड्या-तुकड्यांनी भाग घेणाऱ्यांची बेरीज इथेच चुकते आणि पिस्टन डेकच्या वर डोकावतो. सगळे फिरणारे भाग एकत्रच संतुलित करून घ्या.

पायरी ८: पहिले काही तास

इग्निशन आणि इंधनाचं ट्युनिंग नॉकिंगपासून लांब ठेवा. घडीव पिस्टन नॉकिंग थोडा वेळ सोसतो, बेअरिंग आणि रिंगेचे कडे सोसत नाहीत. सुरुवातीला साधं मिनरल ऑइल घाला आणि इंजिन नुसतं आयडलला ठेवू नका. रिंगा बसायला मध्यम भार लागतो, म्हणून थ्रॉटल देऊन वेग वाढवा आणि सोडून इंजिनलाच गाडी रोखू द्या, असं आलटून पालटून करा.

पहिलं ऑइल लवकर बदला आणि फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा. थोडी बारीक करडी धूळ नव्या इंजिनात दिसतेच. चमकणारे अ‍ॅल्युमिनियमचे कण पिस्टनकडे बोट दाखवतात. तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर संपलेला आहे; गाडी सुरू करू नका, संप उतरवा.